तुळजेचं दूध

पाऊस उघडून तीन आठवडे झाले, तरी गोठ्यातला चिखल वाळायचं नाव घेत नव्हता. तमिळ मुलखात, तांबरम या उपनगराच्या पलीकडं, पूर्वी जिथं भातखाचरं होती आणि आता प्लॉटांचे दगड रोवलेत, तिथं कृष्णवेणीचं दोन खोल्यांचं घर होतं. घराच्या पाठीला झावळ्यांनी शाकारलेला गोठा. आजूबाजूच्यांनी भराव घालून आपापल्या जागा उंच करून घेतल्या आणि हे जुनं घर तेवढं खड्ड्यात राहिलं. सगळ्या गल्लीचं पाणी उताराला लागून तिच्याच गोठ्यात यायचं. तिनं फळ्या टाकून दोन्ही गाई त्यावर उभ्या केल्या होत्या. तरी खुरांच्या बेचक्या चिघळल्याच.

मार्गळी महिन्यातली थंडीची पहाट होती. दव इतकं की झावळ्यांवरून थेंब गळत होते. कृष्णवेणी गुडघ्यांत चरवी धरून तुळजेच्या कासेला बसली होती. आधी धार चरवीच्या बुडावर वाजत होती. मग फेस चढला तसा आवाज मऊ झाला.

भव्या गोठ्याच्या दाराशी येऊन उभी राहिली. हातात झाकणाच्या दोन लहान बाटल्या.

"अम्मा, हिचं या बाटलीत दे, कमलिनीचं दुसरीत. एकत्र नको करू."

"कशास गे?"

"कॉलेजात पाहिजे. आज दुधाचं प्रॅक्टिकल."

"पैल्या वर्षी हाडं आणलीस, दुसऱ्या वर्षी जंत. आतां घरचं दूध नेतीस," कृष्णवेणी धार न थांबवता म्हणाली. "आणखी किती शिकायचं राहिलंय?"

"तीन वर्षं."

"तंवर हे माझे गुडघे टिकले तर बरं. आंत पाहा, तंजावरचे राजे उठलेत का. वैरण कोण कापणार विचार त्यांस."

राजे म्हणजे भव्याचे वडील, शहाजी; घरात अजून तंजावरी मराठी चालायची, त्यावरून ही थट्टा. तो उठला नव्हता. भिंतीकडं तोंड करून चटईवर पडला होता. कमरेला गुंडाळलेली वेष्टी घामानं ओली होऊन मांड्यांना चिकटली होती आणि खोलीत शिळ्या गवतासारखा आंबूस वास भरला होता. भव्यानं कपाळाला हात लावला. कढत.

"अप्पा, पुन्हा आला?"

"रात्री आला. आतां जाईल," शहाजी म्हणाला. "वैरण मी कापतों. अर्धा तास दे म्हणावं."

तेवढ्यात मागच्या दारी अलमेलू मामी आल्या. चार घरं सोडून राहायच्या. गल्लीच्या टोकाच्या पिळ्ळैयारच्या, म्हणजे गणपतीच्या, देवळात मार्गळीभर पहाटेचा अभिषेक असायचा आणि त्याचं दूध कृष्णवेणीकडून नेण्याचं काम मामींनी घेतलं होतं. त्यांनी लोटा पुढं केला. आत वाकून पाहिलं.

"अजून झोपलाय होय?" त्या तमिळमध्ये म्हणाल्या. "नशीबवान हो. आमच्याकडं असं चाललं असतं तर!"

कृष्णवेणी हसली नाही, रागावलीही नाही. लोट्यात दूध ओतलं, वर एक धार जास्त घातली. मामी गेल्यावर तिनं विळीवर ज्वारीची हिरवी ताटं स्वतःच कापायला घेतली. आतल्या खोलीत ऐकू जाईल इतक्या जोरानं ताटं विळीवर आपटत राहिली.

शहाजी गिंडीच्या एका लहान कारखान्यात सोळा वर्षं लेथवर होता. यंत्रांत बसवायच्या पितळेच्या बुशी कातायचा. हाताला इतका सच्चा की मोजपट्टीआधी त्याच्या बोटाला माप कळायचं. दोन वर्षांपूर्वी त्याला हे दुखणं लागलं. चार दिवस ताप, आठ दिवस काही नाही, पुन्हा ताप. कंबर धरायची. गुडघे सुजायचे. दुपार झाली की हातातलं काम सुटायचं. एका डॉक्टरनं टायफॉइड म्हटलं, दुसऱ्यानं मलेरियाच्या गोळ्या दिल्या, तिसऱ्यानं कंबरेचा फोटो काढून 'वयाप्रमाणं आहे' म्हणून परत पाठवलं. कारखान्यातल्या सुपरवायझरनं एकदा त्याला संडासाच्या पायरीवर डोकं टेकून बसलेला पाहिला आणि सगळ्यांदेखत विचारलं, "इथं उशी आणून देऊ का?" त्यानंतर दोन महिन्यांनी शहाजी डबा घेऊन दुपारीच घरी आला. डबा उघडलेला नव्हता. कृष्णवेणीनं विचारलं तेव्हा म्हणाला, "नको म्हणाले."

तेव्हापासून तो घरात होता. बरा असला की गाई धुवायचा, शेण काढायचा. बरा नसला की चटईवर. आणि बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही दिवशी तो सारखाच दिसायचा, धडधाकट हाडाचा, मिशीवाला, बसलेला माणूस.

भव्याही एकदा त्याला बोलली होती. तेव्हा ती जनावरांच्या डॉक्टरीच्या दुसऱ्या वर्षात होती, पुस्तकं नवी होती, जीभ धारदार होती. रक्ताचे कागद चाळून ती म्हणाली होती, "अप्पा, यात काहीच नाही. साखर, पेशी, अस्कं नॉर्मल आहे. कधीकधी मनाचंही असतं." शहाजीनं कागद घडी करून डब्यात ठेवले. त्यानंतर पुन्हा कधी तिला दाखवायला काढले नाहीत.

कॉलेजात त्या दिवशी सार्वजनिक आरोग्याचं प्रॅक्टिकल होतं. विजयकुमार सर म्हणजे बुटका, शांत माणूस. शर्टाच्या खिशाला सदा निळ्या शाईचा डाग. त्यांनी सगळ्यांच्या बाटल्या गोळा केल्या, हाताला येतील तशा मांडल्या आणि नंबर घातले. कुणाच्या मेसचं पाकिटातलं दूध, कुणाच्या मावशीच्या टी. नगरातल्या घरचं, कुणाच्या गल्लीतल्या दूधवाल्याचं. भव्यानं तुळजेच्या बाटलीच्या बुडाला पेन्सिलीनं एक रेघ ओढली होती. ती बाटली सात नंबरला बसली. कमलिनीची अकराला.

"आज फार हुशारी लागत नाही," सर म्हणाले. "डोळे लागतात."

प्रत्येकानं काचेच्या नळीत दूध घेतलं. त्यात गडद निळ्या औषधाचा थेंब टाकला, नळी हलक्या हातानं उलटीसुलटी केली. सगळ्या नळ्या एकसारख्या फिकट निळ्या दिसू लागल्या. मग त्या कोमट पेटीत ठेवल्या. तासभर थांबायचं.

"दूध निळंच राहिलं आणि वरची साय पांढरी राहिली, तर गाय चांगली," सर म्हणाले. "पण निळा रंग सगळा वर चढून सायीचं निळं कडं झालं आणि खाली दूध पांढरं पडलं, तर संशय धरा. संसर्गजन्य गर्भपात. ब्रुसेला. सातव्या-आठव्या महिन्यात गाय गाभ टाकते, गर्भाची वार आत अडकते. आणि ती वार जो उघड्या हातानं ओढतो, त्यालाही हा रोग होतो."

भव्याच्या वहीवर पेन चालत होतं. 'वार जो उघड्या हातानं ओढतो' हे तिनं लिहिलं, त्याखाली रेघ मारली, आणि पुढच्या वाक्याला पेन लावलं. सवयीनं. हात लिहीत होता.

दोन वर्षांपूर्वीचा रविवार होता तो. तुळजेनं सातव्या महिन्यात गाभ टाकला होता. मेलेलं वासरू केळीच्या बुंध्याशी पुरून शहाजी परत आला तरी वार पडली नव्हती. लोंबत होती, वास सुटला होता. जनावरांचा सरकारी डॉक्टर रविवारी मिळेना. शहाजीनं कोपरापर्यंत हात घातला आणि घटकाभर वार सोडवत राहिला. लेथवर काम करणाऱ्याचे हात. पितळेच्या किसानं बोटं कायम चिरलेली. भव्या पहिल्या वर्षात होती. ती आतल्या खोलीत बकऱ्याची कवटी मांडीवर घेऊन हाडांची नावं पाठ करत होती. उशाशी पिशवीत हातमोज्यांचा अख्खा खोका होता, फाडणीच्या हॉलसाठी घेतलेला. अप्पांना द्यावे हे तिच्या मनातही आलं नाही. पहिल्या वर्षात हाडंच शिकवतात.

तासानं सरांनी पेटी उघडली. नळ्या रांगेनं उजेडात धरल्या. एक, दोन, तीन, सगळ्या निळ्या. सातव्या नळीत दूध चुन्याच्या निवळीसारखं पांढरं पडलं होतं आणि वर सायीचं कडं, गडद निळं, बोटावरच्या अंगठीएवढं.

"अय्यो!" मागून कुणीतरी म्हणालं. "कुणाच्या घरचं रे? आपण काही त्याच्याकडं कॉफीला जायचं नाही."

हशा पिकला. भव्याही हसल्यासारखं तोंड करून उभी राहिली. अकरा नंबर निळाच होता.

"एका नळीवर गाय गुन्हेगार ठरत नाही," सर म्हणाले. "स्तनदाह असेल, नुकती व्यायलेली असेल, तरी कडं येतं. रक्त तपासायला हवं. माणसाच्या बाबतीत काय दिसतं ते लिहून घ्या." ते फळ्याकडं वळले. खडूनं एकाखाली एक लिहीत गेले. चढउताराचा ताप. रात्री घाम, घामाला शिळा वास. कंबरदुखी. मोठ्या सांध्यांना सूज. पुरुषांत अंडकोषाला सूज. थकवा. खिन्नता.

भव्यानं फळ्यावरचं सगळं उतरवून घेतलं. अक्षर नेहमीसारखंच गोल आलं. शेवटची ओळ लिहून झाल्यावर तिनं पेन खाली ठेवलं. तिनं स्टुलाची कड धरली.

सगळे गेल्यावर ती सरांच्या टेबलाशी गेली.

"सर, सात नंबर माझ्या घरचा."

सरांनी नळ्या पुसायचं थांबवलं नाही. "बरं. किती गाई?"

"दोन. अकरा नंबरची दुसरी."

"कच्चं दूध पिता?"

"आम्ही उकळतो. अप्पा मात्र सकाळी धारेखालचं पितात." ती थांबली. "आणि देवळात अभिषेकाला जातं. तीर्थ म्हणून लोक घेतात."

"ते आजपासून बंद." मग त्यांनी तिच्याकडं नीट पाहिलं. "घरात ताप कुणाला आहे?"

भव्यानं सांगितलं. दोन वर्षं, कंबर, गुडघे, घाम, गिंडीचा कारखाना. सांगताना ती एखाद्या मालकानं आणलेल्या बैलाची हकिकत सांगावी तशी क्रमानं सांगत गेली. सरांनी कागद ओढला आणि सरकारी इस्पितळातल्या एका डॉक्टरच्या नावे चिठ्ठी लिहिली. दुसऱ्या कागदात दोन रिकाम्या नळ्या आणि सुया गुंडाळून दिल्या. वर हातमोजे ठेवले.

"गाईचं रक्त तू काढ," ते म्हणाले. "मोजे घालून. आणि एक गोष्ट त्यांना विचारायला लागेल." त्यांनी फळ्यावरच्या पाचव्या ओळीकडं बोट केलं. "डॉक्टर विचारतीलच. पण तुला हकिकत घेता आली पाहिजे."

ती घरी पोचली तेव्हा उन्हं कलली होती. कृष्णवेणी वैरणीला गेली होती, मोकळ्या प्लॉटांवर कापायला. शहाजी उठून गोठ्यात बसला होता, तुळजेच्या खुरांतला चिखल काडीनं काढत.

"अप्पा, हिची मान धरा. रक्त काढायचंय."

त्यानं दावं आखडून डोकं वर उचललं आणि वशिंडाला खांदा लावला. भव्यानं मोजे चढवले, मानेच्या खोबणीत अंगठा दाबला. शीर दोरीसारखी फुगली. सुई गेली, काळपट रक्त नळीत उतरलं. तुळजेनं नुसता कान हलवला. मग कमलिनीचं. कमलिनी नाचली, तिला धरताना शहाजीला दम लागला आणि तो दावणीवर बसला.

"काय निघालंय?" त्यानं विचारलं.

"तुळजेला रोग असेल. गाभ टाकला तेव्हापासूनचा." भव्या नळ्यांवर नावं घालत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्हालाही तोच असेल, अप्पा."

शहाजी तुळजेच्या पोटाशी हात ठेवून बसला.

"मला विचारायचंय काही."

"विचार."

"ताप येतो तेव्हा थंडी वाजते का आधी?"

"वाजती."

"घाम पहाटे का?"

"तुज ठावकं आहे."

"कंबर एका बाजूला दुखते का दोन्ही?"

"डावी जास्ती."

पुढचा प्रश्न तिच्या तोंडाशी आला आणि अडला. कॉलेजात त्यांनी शंभर प्रश्न पाठ केले होते: माजावर कधी आली, लघवी कशी करते, आचळं दुखतात का. जनावर बोलत नाही म्हणून मालकाला विचारायचे. समोरचं माणूस बोलणारं होतं आणि तिचा बाप होता.

शहाजीनं तिच्याकडं पाहिलं नाही. तुळजेच्या पाठीवरची गोचीड काढत तो म्हणाला, "बैलास विचारतीस तसं विचार. लाज धरू नकोस."

तिनं विचारलं.

"होती सूज," तो गाईकडं बघत म्हणाला. "कारखाना सुटला त्याच्या आधीं महिनाभर. बसवत नव्हतं लेथवर. उभ्यानंही नाही. कुणास सांगू? तुझ्या अम्मासही सांगितलं नाही. मज वाटलं, काही वाईट रोग आहे. लोक काय म्हणतील." मग गोचीड फळीवर ठेवून अंगठ्यानं चिरडली. "जालं विचारून?"

"झालं."

"मग हात धू."

रात्रीच्या जेवणाआधी भव्यानं आईला सांगितलं. कृष्णवेणी चुलीवर दूध उतू जाईल म्हणून पळीनं ढवळत होती.

"उद्यापासून देवळाचं दूध द्यायचं नाही, अम्मा. तुळजेचं कुणालाच नाही."

"पोंगल आठ दिवसांवर आलंय. मार्गळीत देवाचं दूध बंद करू? डोकं फिरलंय?"

"तिला रोग आहे. संशय आहे."

"संशय! गाय खाती, पिती, दूध देती. कोणत्या रोगाची गाय असं दूध देती?" पळी जोरानं आपटली. "तुमच्या कॉलेजातल्या बाटलीनं सांगितलं आणि मी खुंटा उपटायचा?"

"अप्पांनाही तोच रोग असेल. ताप त्याचाच."

पळी ढवळायची थांबली. दूध चढलं, कडेवरून उतून चुलीत गेलं आणि करपल्याचा वास घरभर झाला. कृष्णवेणीनं भांडं उतरवलं नाही. भव्यानं फडक्यानं उतरवलं.

देवळाच्या लोट्यात मग कमलिनीचंच दूध जात राहिलं. तिसऱ्या दिवशी गाईंच्या रक्ताची तपासणी झाली. पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर रक्तातल्या पाण्याचा थेंब, शेजारी गुलाबी औषधाचा थेंब, काडीनं मिसळले. कमलिनीचा थेंब गुळगुळीत गुलाबी राहिला. तुळजेच्या थेंबात बारीक दाणे धरले, फुटलेल्या दुधासारखे. चार मिनिटंही लागली नाहीत. त्याच आठवड्यात सरकारी इस्पितळातून शहाजीचा कागद आला. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दीड महिन्याच्या लिहून दिल्या, वर इंजेक्शनं. शहाजीला त्यांनी एवढंच विचारलं, "इतके दिवस कुठं होता?" तो म्हणाला, "घरीच."

कृष्णवेणी बरोबर गेली होती. बाकावर बसून तिनं सगळं ऐकलं. येताना बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि तांबरम येईपर्यंत बाहेर बघत राहिली. घरी आल्यावर पदर खोचून गोठ्यात गेली. तुळजेला सोडून अंगणाच्या टोकाला, पत्र्याच्या तुकड्याखाली बांधलं. त्या जागेचं शेण काढलं, पेंढा जाळला, चुना मारला. संध्याकाळपर्यंत ती बसली नाही. भव्या मदतीला गेली तर म्हणाली, "तू अभ्यास कर."

दुसऱ्या दिवशी पहाटे लोटे घेऊन येणाऱ्यांची वाट तिनं पाहिली नाही. स्वतःच निघाली. भव्या मागून गेली, काही लागलं तर सांगायला. कृष्णवेणी दारोदार थांबली आणि एकच वाक्य बोलत गेली, "आमच्या एका गाईस रोग निघालाय. तुम्ही दूध उकळता तर घाबरू नका. पण कच्चं घेतलं असेल आणि ताप असेल तर सरकारी दवाखान्यात जा." कुणी 'बरं' म्हणालं. कुणी दार लोटून घेतलं. एका घरात आतून आवाज आला, "आणि आता सांगतेय!"

अलमेलू मामी दारात रांगोळी घालत होत्या. ऐकून त्या उभ्या राहिल्या. हातातलं पीठ गळत राहिलं.

"देवाला रोगट दूध घातलंस? महिनाभर? आणि तीर्थ म्हणून मी गल्लीभर वाटलं?"

"ठावकं नव्हतं," कृष्णवेणी म्हणाली.

"घरात दोन वर्षं माणूस पडलंय, मुलगी डॉक्टर होतेय, आणि ठावकं नव्हतं?" मामी आत गेल्या, फ्रिजमधलं दुधाचं भांडं आणलं आणि तिच्या पायांशी गटारात ओतलं. पांढरं पाणी दोघींच्या मधून वाहत गेलं. "माझ्या पोरीला काही झालं तर बघ."

भव्या पुढं झाली. "मामी, तुम्ही उकळलेलं पिता. काही होणार नाही. पण तीर्थ घेतलेल्यांची..."

"तू गप," मामी म्हणाल्या.

कृष्णवेणीनं मान हलवली आणि पुढच्या दाराकडं वळली. देवळाच्या गुरुजींना सांगायचं राहिलं होतं. तिथं ती सर्वांत जास्त वेळ उभी राहिली. गुरुजींनी विभूती द्यायला हात पुढं केला, मग आखडला, मग पुन्हा पुढं केला.

पोंगलला कमलिनीचंही दूध कुणी नेलं नाही. मट्टू पोंगलच्या, म्हणजे गाईबैलांच्या सणाच्या, दिवशी गल्लीतल्या उरल्यासुरल्या गाई न्हाऊनधुऊन, शिंगं रंगवून देवळापर्यंत गेल्या. शहाजीनं कमलिनीला धुतलं. तुळजेला त्यानं लांबून पाइपनं पाणी मारलं, हातांत मोजे घालून. शिंगांना रंग लावला नाही. नको म्हणून नव्हे. कुणाला आठवलं नाही.

मग तुळजेचं काय करायचं हा प्रश्न आला. दलाल दोनदा येऊन गेला. तो कुठं नेणार ते सगळ्यांना ठावकं होतं आणि वाटेत ती दुसऱ्यांच्या गोठ्यांत चार दिवस राहून रोग पसरवील तेही. भव्यानं विजयकुमार सरांना विचारलं. सर आठवडाभर परवानगीसाठी फिरत राहिले. मग म्हणाले, कॉलेजच्या मागं वेगळा गोठा आहे. मुलांना शिकवायला रोगी जनावराचं दूध, रक्त लागतं. परवानगी मिळालीय. पाठवा.

छोटा टेम्पो आला. तुळजा फळीवर पाय ठेवीना. टेम्पोवाल्यानं शेपूट पिरगळली, ती बसकण मारून बसली. शेवटी शहाजी वर चढला, दावं धरून नुसता उभा राहिला, आणि ती गेली त्याच्या मागून. कृष्णवेणी म्हणाली, "मीही येतें." कशाला, हे तिला कुणी विचारलं नाही. ती मागं, तुळजेच्या बाजूला गोणपाटावर बसली. गिंडी आली तेव्हा शहाजीनं पत्र्याच्या फटीतून बाहेर पाहिलं. कारखान्यांची शटरं उघडत होती.

कॉलेजच्या मागच्या गोठ्यात सिमेंटची जमीन होती, कोरडी, उतार दिलेली. तुळजेला तिथं बांधलं. लोखंडी पाटीवर नंबर होता, नाव नव्हतं. पाय धुवायला निळसर औषधाचं पाणी होतं. शहाजी आणि कृष्णवेणी दोघांनी त्यात पाय बुडवले.

सर आले होते. बाजूला चाळीस मुलंमुली उभी होती, भव्याचाच वर्ग. त्यांना रोगी जनावर जवळून दाखवायचं होतं. कास, दूध, रक्त, सगळं झाल्यावर सर शहाजीकडं वळले.

"तुम्हाला बरं वाटत असेल तर," ते म्हणाले, "पोरांना सांगाल का, ताप कसा येतो ते? पुस्तकात एक ओळ आहे."

शहाजीनं भव्याकडं पाहिलं. भव्यानं वहीकडं पाहिलं. कुणीतरी प्लास्टिकची खुर्ची आणली. तो बसला नाही. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला.

"दुपारी येतो," तो तमिळमध्ये म्हणाला. "सकाळी माणूस बरा असतो. म्हणून कुणाला खरं वाटत नाही. दुपारी हाडं गार पडतात. हातातलं हत्यार कुठं आहे ते कळत नाही."

"किती दिवस राहतो, अप्पा?" एका मुलीनं विचारलं.

"चार-पाच. मग जातो. वाटतं गेला. मग परत."

"घाम?"

"अंथरूण भिजतं. वास येतो. आपल्यालाच आपला नको होतो."

मुलं लिहीत होती. सूज, कंबर, गुडघे त्यानं एकेक सांगितलं, जसं आठवेल तसं. अंगाची ती सूजही सांगितली, दोन शब्दांत, खाली बघत. कुणी हसलं नाही. गोळ्या सुरू होऊन तीन आठवडे झाले, ताप नाही, हेही सांगितलं. मग त्याचं संपलं.

"अजून काही?" सरांनी विचारलं.

"नाही. एवढंच."

"आहे," मागून आवाज आला.

कृष्णवेणी गोठ्याच्या दाराशी उभी होती. ओल्या पायांनी, पदर खांद्यावरून घट्ट घेतलेला. चाळीस मुंड्या तिच्याकडं वळल्या. ती मुलांकडं बघत नव्हती, नवऱ्याकडंही नाही. समोरच्या सिमेंटकडं बघत तमिळमध्ये बोलत होती, गल्लीत दारोदार बोलली होती त्याच सपाट आवाजात.

"घरचं माणूस म्हणतं, सोंग करतोय. उठवतं. आळशी म्हणतं. बाहेरच्या लोकांसमोर म्हणतं. दोन वर्षं म्हणतं. तुम्ही उद्या डॉक्टर होऊन कुणाच्या गोठ्यात जाल, तेव्हा गाईचं विचाराल. घरात असं कुणी पडलेलं आहे का, तेही विचारा. ज्याला घरचे आळशी म्हणतात असा कुणी आहे का, असं विचारा. मग लवकर सापडेल."

शहाजीचा हात खुर्चीच्या पाठीवर तसाच होता.

"लिहून घ्या," विजयकुमार सर म्हणाले.

मुलांनी माना खाली घातल्या. भव्यानंही पान उलटलं आणि आईचं बोलणं शब्दाला शब्द लिहून काढलं.